श्रवणयंत्रांची दुसरी जोडी: खर्च कुठे वाचवायचा आणि कुठे नाही

यंत्र बंद पडायला फार मोठं कारण लागत नाही. रिसीव्हरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या छोट्या स्पीकरमध्ये, घाम शिरतो, मोल्डची (कानाच्या मापाच्या साच्याची) ट्यूब चिरते, रात्रभर चार्जरमध्ये ठेवलेल्या यंत्राचा दिवा सकाळी लागतच नाही. दुरुस्तीला दिलं की परत यायला आठवडा जातो, कधी तीन-चार आठवडेही. ज्याला उठल्यापासून झोपेपर्यंत यंत्र लागतं, त्याने तेवढे दिवस काढायचे कसे? कामावरच्या बैठका, डॉक्टरांची भेट, फोन, मागून येणारी गाडी यांतलं काहीच यंत्र परत येईपर्यंत थांबत नाही. ज्याचा ऐकण्याचा दोष मध्यमच्या पुढे गेला आहे, त्याच्याकडे दुसरी जोडी असायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

अडचण येते ती पैशांची. पहिली जोडी घेतानाच बहुतेकांची ओढाताण झालेली असते. तेव्हा दुसरी जोडी पहिलीच्या तोडीची असण्याचा हट्ट सोडावा लागतो. पण सोडायचं काय आणि धरून ठेवायचं काय, हे नीट ठरवावं लागतं. माझ्या मते धरायच्या गोष्टी तीनच. यंत्र तुमच्या आजच्या ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे श्रवण तपासणीच्या आलेखाप्रमाणे, लावलेलं असावं, कानात घट्ट आणि न दुखता बसणारं असावं, आणि डबीतून काढल्यावर पाच मिनिटांत चालू व्हावं. ब्लूटूथ, ॲप, गोंगाट ओळखणारी भारी तंत्रं, न दिसणारा आकार, हे सगळं दुसऱ्या जोडीत सोडून देता येतं.

आधी कपाट उघडा

सर्वांत स्वस्त दुसरी जोडी बहुतेकदा घरातच असते: नवी जोडी आल्यावर डबीत घालून विसरलेली जुनी जोडी. ती तुमच्याच दोषासाठी निवडलेली होती, तिचे मोल्ड तुमच्याच कानाचे आहेत आणि तिचा आवाज मेंदूच्या ओळखीचा आहे. बाजारात चौकशी करण्यापूर्वी ती बाहेर काढा.

सेलचं दार उघडून पाहा. आत जुना सेल राहिला असेल आणि त्यावर पांढरट थर चढला असेल, तर सेल काढून टाका आणि आतल्या धातूच्या बारीक पट्ट्या कोरड्या कापसाच्या काडीने हलक्या हाताने पुसा. पाणी नको, तेल नको, ब्लेडने खरवडणं तर मुळीच नको. पट्टी गंजून तुटली असेल, तर ते काम दुरुस्ती करणाऱ्याचं. मग ट्यूब दोन बोटांत धरून वाकवा. नवी ट्यूब मऊ आणि पारदर्शक असते. काही महिने उलटले की ती पिवळी पडते, कडक होते आणि मोल्डच्या तोंडाशी बारीक चीर धरते. त्या चिरेतून आवाज निसटतो आणि यंत्र शिट्टी वाजवू लागतं. लोकांना वाटतं मशीनच गेलं. प्रत्यक्षात ट्यूब बदलणं हे काही मिनिटांचं आणि किरकोळ खर्चाचं काम असतं.

आता नवा सेल घाला, आवाज वाढवा आणि यंत्र मुठीत सैल धरा. शिट्टी वाजली, तर माइक, ॲम्प्लिफायर आणि रिसीव्हर तिन्ही जिवंत आहेत एवढं नक्की. आवाज स्वच्छ येतो की फाटका, हे मात्र शिट्टीवरून कळत नाही. शिवाय काही यंत्रांत शिट्टी दाबणारी यंत्रणा इतकी चांगली असते, की मुठीत धरूनही ती वाजत नाहीत. तेव्हा शिट्टी नाही म्हणून यंत्र मोडीत काढू नका, ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, न्या. तिथे ते यंत्राला ऐकण्याची नळी लावून स्वतः आवाज ऐकतात आणि मशीनवर मोजूनही देतात.

तिथे गेल्यावर दोन गोष्टी विचारा. या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात का, आणि ते प्रोग्राम करायची केबल तुमच्याकडे आहे का? जुन्या यंत्रांना प्रोग्रामिंगसाठी ठरावीक केबल लागते, आणि अनेक क्लिनिकांत ती मागच्या खणात पडून हरवलेली असते. केबल असेल, यंत्र चालत असेल आणि तुमच्या वाढलेल्या दोषाला पुरत असेल, तर सर्व्हिसिंग, नव्या ट्यूब आणि नवं प्रोग्रामिंग एवढ्यावर काम भागतं. त्यापेक्षा स्वस्त पर्याय दुसरा नाही.

अजून एक चौकशी इथेच करून टाका. काही क्लिनिकं दुरुस्तीच्या काळात उसनं यंत्र देतात. तुमचं देत असेल आणि तुमचा दोष सौम्य असेल, तर कदाचित दुसरी जोडी घ्यावीच लागणार नाही. तीव्र दोषासाठी मात्र उसन्या यंत्रावर विसंबू नये. त्या ताकदीचं यंत्र त्या दिवशी शिल्लक असेलच असं नाही, आणि ते तुमच्या मोल्डला जोडता येईलच असंही नाही.

ऑडिओग्राम नवा हवा

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या कागदावरून यंत्र निवडू नका. नवी तपासणी करून घ्या आणि ऑडिओग्रामची प्रत स्वतःजवळ ठेवा, फोनमध्ये फोटोही ठेवा. हा कागद तुमचा आहे. तो मागायला संकोच वाटायचं कारण नाही.

ऑडिओग्राम वाचायला अवघड नसतो. आडव्या बाजूला आवाजाची पट्टी, साधारण २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत; उभ्या बाजूला डेसिबल. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. रेघ जितकी खाली, तितका दोष जास्त. रूढ विभागणीनुसार २६ ते ४० डेसिबल म्हणजे सौम्य, ४१ ते ५५ मध्यम, ५६ ते ७० मध्यम-तीव्र, ७१ ते ९० तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र. बहुतेकांची रेघ सरळ नसते. खालच्या पट्टीत बरं ऐकू येतं आणि उंच पट्टीत रेघ घसरते, म्हणून माणूस बोलतोय हे कळतं पण काय बोलतोय हे कळत नाही.

आता यंत्राचं माहितीपत्रक मागा. त्यात ऑडिओग्रामसारख्याच चौकटीत एक रंगवलेला भाग असतो. ते यंत्र कुठल्या दोषापर्यंत पुरतं, हे तो भाग दाखवतो. तुमची रेघ त्यावर ठेवून पाहा. ती रंगीत भागाच्या खालच्या कडेला टेकत असेल, तर ते यंत्र आज जेमतेम पुरेल आणि दोष जरा वाढला की अपुरं पडेल. दुसरी जोडी कमी वापरली जाते, त्यामुळे ती वर्षानुवर्षं टिकते. तेवढ्या वर्षांत दोष वाढायला जागा हवी, म्हणून रेघेखाली निदान दहा डेसिबल मोकळे राहतील असं यंत्र घ्या.

गरजेपेक्षा फार ताकदीचं यंत्रही घेऊन चालत नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाचं जोरदार यंत्र तसंच कानात घालून काम भागवणं धोक्याचं आहे, कारण ते त्या माणसाच्या दोषाप्रमाणे लावलेलं असतं आणि तुमची उरलेली श्रवणशक्ती त्या आवाजाने बिघडू शकते. पुन्हा प्रोग्रामिंग केल्याशिवाय दुसऱ्याचं यंत्र कानाला लावू नका.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. अचानक, एक-दोन दिवसांत एका कानाचं ऐकू येणं कमी झालं, तर यंत्र बिघडलं असं धरून दुसरी जोडी शोधत बसू नका. कानात मळ, वॅक्स गार्डमध्ये (यंत्राच्या तोंडावरच्या मळ अडवणाऱ्या जाळीत) मळ, सेल संपलेला, एवढं तपासा. दुसऱ्या यंत्रानेही ऐकू येत नसेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अशा दोषावर उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितका फायदा असतो. कान वाहणं, दुखणं किंवा चक्कर असेल तरी डॉक्टर आधी, यंत्र नंतर.

कुठला प्रकार घ्यावा

दुसऱ्या जोडीसाठी माझी पहिली पसंती कानामागच्या यंत्राला, म्हणजे बीटीईला, तेही साध्या जाड ट्यूबचं आणि मोल्डचं. कारण सरळ आहे. त्यातले सगळे इलेक्ट्रॉनिक भाग कानाबाहेर असतात. कानात जातो तो फक्त मोल्ड, आणि तो काढून साबणाच्या कोमट पाण्याने धुता येतो, फक्त आधी यंत्रापासून सोडवून घ्यायचा आणि ट्यूब पूर्ण सुकू द्यायची. आरआयसी, म्हणजे रिसीव्हर-इन-कॅनाल, प्रकारात रिसीव्हर थेट कानाच्या नळीत, मळ आणि घामाच्या शेजारी बसतो, आणि यंत्रातला तोच भाग सर्वांत आधी दगावतो. पूर्ण कानात जाणारी छोटी यंत्रं दिसत नाहीत हे खरं. पण ती तुमच्या कानाच्या मापाने बनवावी लागतात, मळाने लवकर तुंबतात आणि त्यांची ताकदही मर्यादित असते.

तरीही आरआयसी घ्यावं अशी एक परिस्थिती आहे: पहिली जोडी त्याच कंपनीची आरआयसी असेल आणि दोन्हींना तोच रिसीव्हर, तेच डोम (कानात बसणाऱ्या मऊ टोप्या), तेच वॅक्स गार्ड लागत असतील. मग एकाचा रिसीव्हर गेला तर दुसऱ्याचा काढून लावता येतो, सुटे सामान एकदाच घ्यावं लागतं, आणि ऑडिओलॉजिस्टला त्याच सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या यंत्राचं सेटिंग दुसऱ्यासाठी पायाभूत धरता येतं. रिसीव्हरच्या ताकदीचे प्रकार असतात आणि डाव्या-उजव्याचे वेगळे असतात. उजव्यावर लाल खूण असते, डाव्यावर निळी. यंत्र तेच ठेवून जास्त ताकदीचा रिसीव्हर बसवता येतो, ही आरआयसीची मोठी सोय. मात्र जास्त ताकदीच्या रिसीव्हरला बहुधा मोल्ड लागतो, उघडा डोम चालत नाही.

सेलची की चार्जिंगची, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दुसरी जोडी सेलची घ्या. लिथियम बॅटरी न वापरता पडून राहिली तरी हळूहळू उतरत जाते, पूर्ण उतरल्यावर महिनोनमहिने तशीच राहिली तर कायमची खराब होऊ शकते. म्हणजे नेमकी गरज पडते त्या दिवशी ती उठत नाही. दुसरं कारण त्याहून मोठं. पहिली जोडी चार्जिंगची आहे आणि चार्जरच बिघडला, हरवला किंवा दोन दिवस वीज नाही, तर चार्जिंगची दुसरी जोडी त्याच संकटात सापडते. सेलची जोडी त्यातून वाचते.

सेलचे चार आकार प्रचलित आहेत आणि ते स्टिकरच्या रंगावरून ओळखतात: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी आणि ६७५ निळा. आकार मोठा, तितके दिवस जास्त. रोजच्या वापरात १० नंबर काही दिवसच पुरतो, ३१२ साधारण आठवडाभर, १३ नंबर आठवड्यापासून दोन आठवड्यांपर्यंत आणि ६७५ त्याहून जास्त. ज्यांची बोटं थरथरतात किंवा नजर कमी आहे, त्यांना १३ किंवा ६७५ हाताळायला सोपे जातात. या सेलना हवा लागते. स्टिकर काढला की छिद्रांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो, म्हणून स्टिकर काढल्यावर एक मिनिटभर थांबून मगच सेल यंत्रात घाला. एकदा स्टिकर काढल्यावर तो परत चिकटवून काही उपयोग होत नाही, सेल वापरला नाही तरी उतरतच जातो. म्हणून दुसऱ्या जोडीत सेल घालून ठेवू नका. बंद पाकीट शेजारी ठेवा.

एक यंत्र की दोन

दोन्ही कानांना यंत्र लागत असेल तर जोडीच चांगली. आवाज कुठून आला हे कळायला आणि गोंगाटात बोलणं वेगळं काढायला दोन्ही कान लागतात. पण पैसे खरोखरच कमी असतील, तर एकच चांगलं, नीट प्रोग्राम केलेलं यंत्र हे दोन वाईट यंत्रांपेक्षा केव्हाही बरं. ते कुठल्या कानासाठी घ्यायचं? ज्या कानाने शब्द जास्त स्पष्ट कळतात त्यासाठी. ऑडिओग्रामवरचा बरा कान आणि शब्द बरे कळणारा कान हे नेहमी एकच नसतात, म्हणून तपासणीत शब्द ओळखण्याची चाचणीही करायला सांगा. दोन्ही कानांचा दोष जवळपास सारखा असेल, तर एकच बीटीई आणि दोन्ही कानांचे वेगळे मोल्ड ठेवता येतात. पहिल्या जोडीतलं ज्या बाजूचं यंत्र बंद पडेल, त्या बाजूला ते लावायचं. हे आधी ऑडिओलॉजिस्टशी बोलून, तसं प्रोग्राम करून घ्या.

खर्च कुठे कापायचा

कंपन्या एकाच पिढीचं यंत्र तीन-चार पातळ्यांत विकतात: वरची, मधली, खालची. बहुतेकदा आतली चिप तीच असते, सॉफ्टवेअरमधून सोयी कमी-जास्त केलेल्या असतात. शांत खोलीत समोरासमोर बोलताना खालच्या पातळीचं यंत्र, नीट लावलेलं असेल तर, चांगलं काम देतं. फरक पडतो तो गर्दीत, समारंभात, वाऱ्यात. दुरुस्तीच्या दोन-तीन आठवड्यांसाठी खालची पातळी पुरते. कापायचं ते इथे.

मागच्या पिढीचं, पण न वापरलेलं यंत्रही चांगला सौदा असतो. नवी पिढी बाजारात आली की दुकानदाराला जुना साठा काढायचा असतो. फक्त वॉरंटी किती उरली आहे आणि ती कधीपासून मोजली जाते, हे लेखी घ्या.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. श्रवणयंत्रांच्या बाजारात नावं पुष्कळ असली तरी मोठे समूह मोजकेच आहेत. फोनॅक आणि युनिट्रॉन एकाच सोनोव्हा समूहाची, ओटिकॉन आणि बर्नाफोन डिमांटची, सिग्निया, वायडेक्स आणि रेक्सटॉन डब्ल्यूएस ऑडिओलॉजीची, रिसाउंड आणि बेल्टोन जीएनची. एकाच समूहाच्या दोन ब्रँडमध्ये तंत्रज्ञान अनेकदा सामाईक असतं, जसं सिग्निया आणि रेक्सटॉनमध्ये, आणि कमी प्रसिद्ध नावाचं यंत्र कमी किमतीत मिळू शकतं. तुमची पहिली जोडी कुठल्या समूहाची आहे ते पाहा आणि त्याच समूहातलं दुसरं नाव आहे का, असं विचारा.

कापू नये अशा दोन जागा आहेत. एक, मोल्ड. तो सैल असेल तर चांगल्यात चांगलं यंत्रही शिट्टी वाजवत राहतं. दोन, प्रोग्रामिंगची फी. यंत्र कुठूनही आणा, पण लावून घ्यायचे पैसे बाजूला काढून मगच बजेट ठरवा. ज्यांना फोनवर खूप बोलावं लागतं त्यांनी टेलिकॉइल (फोनमधले चुंबकीय संकेत थेट पकडणारी छोटी गुंडाळी) आहे का तेही पाहावं. त्याला जोडणी, ॲप काही लागत नाही आणि काही सभागृहांत माइकचा आवाज थेट यंत्रात पोचवणारी तार, म्हणजे लूप, बसवलेली असते, तिच्यावरही ते चालतं. स्वस्त बीटीईतही अनेकदा ते असतं.

वापरलेलं यंत्र घेताना

वापरलेलं यंत्र घेण्यात गैर काही नाही, पण डोळे उघडे ठेवून. कानात पूर्ण बसणारी, मापाने बनवलेली यंत्रं वापरलेली घेऊ नका. ती दुसऱ्याच्या कानाच्या आकाराची असतात. बीटीई आणि आरआयसी घेता येतात. मोल्ड, ट्यूब, डोम, वॅक्स गार्ड सगळं नवं घालायचं, आणि शक्य असेल तर आरआयसीचा रिसीव्हरही नवा. हा खर्च यंत्राच्या किमतीत मिळवून मग हिशोब करा. तो मिळवल्यावर अनेक सौदे नव्या साध्या यंत्राच्या जवळ येतात.

पैसे देण्यापूर्वी सीरियल नंबर घ्या आणि कंपनीकडे किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडे तो कळवून यंत्राचं वय विचारा. हरवलं म्हणून नोंदवलेलं यंत्र तुमच्या नावावर सर्व्हिसिंगला घेतलं जाणार नाही. वॉरंटी दुसऱ्या मालकाकडे येतेच असं नाही. यंत्राचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षं धरतात, म्हणून पाच वर्षांच्या पुढचं यंत्र फार स्वस्त असलं तरच घ्या.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: ते कुलूपबंद आहे का? काही साखळी दुकानं कंपनीकडून खास आवृत्ती बनवून घेतात. ती फक्त त्यांच्याच शाखांतल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, बाहेरच्या ऑडिओलॉजिस्टला तिच्यात काही बदलता येत नाही. दिसायला यंत्र हुबेहूब तेच असतं. मॉडेलचं नेमकं नाव आधी तुमच्या ऑडिओलॉजिस्टला कळवा आणि "हे तुम्ही प्रोग्राम करून द्याल का, आणि किती फी घ्याल?" याचं उत्तर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. जमलं तर त्यांच्यासमोरच यंत्र जोडून पाहा. ते रोज किती तास वापरलं गेलं, याची नोंदही अनेक यंत्रांत सापडते.

थेट मिळणारी यंत्रं आणि आवाज वाढवणारी खेळणी

ऑडिओलॉजिस्टशिवाय, थेट विकत घेता येणारी श्रवणयंत्रं आता सर्रास दिसतात. अमेरिकेत तिथल्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २०२२ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र वर्ग केला. तो १८ वर्षं आणि त्यापुढच्या, सौम्य ते मध्यम दोष जाणवणाऱ्या लोकांपुरता आहे, आणि या यंत्रांच्या कमाल आवाजावर १११ डेसिबलची, विशिष्ट प्रकारच्या नियंत्रणासह ११७ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. म्हणजे तीव्र दोष असलेल्याला ती पुरणारच नाहीत, आणि मुलांसाठी तर ती नाहीतच. तुमचा दोष सौम्य असेल आणि यंत्र ॲपमधून तुमच्या चाचणीप्रमाणे लावता येत असेल, तर दुसरी जोडी म्हणून विचार करायला हरकत नाही. ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २ या बिनतारी इयरफोनमधल्या श्रवणयंत्राच्या सोयीला एफडीएने २०२४ मध्ये मान्यता दिली. सौम्य-मध्यम दोषात अडीनडीला तीही कामी येते. पण एका चार्जिंगवर ती दिवसभर पुरत नाही, आणि कानात इयरफोन घालून बसलेला माणूस गाणी ऐकतोय असं समोरच्याला वाटतं, तेव्हा सांगून ठेवावं लागतं.

याहून स्वस्त, ठोक आवाज वाढवणारी यंत्रं मात्र टाळा. ती सगळ्या पट्ट्यांचा आवाज सारखाच वाढवतात. तुम्हाला हवे असतात स, श, ट, थ, आणि वाढतो पंख्याचा आणि भांड्यांचा आवाज. वर कमाल आवाजाला नीट आळा नसेल तर कानाला इजा होते.

लावून घेणं आणि पारखणं

प्रोग्रामिंगला जाताना पहिली जोडी कानात घालून आणि दुसरी हातात घेऊन जा. पहिलीची सेटिंग्ज सेव्ह करून घ्या. कुठल्या पट्टीचा आवाज किती वाढवायचा, हे ठरवायला ऑडिओलॉजिस्ट एनएएल किंवा डीएसएल अशा एखाद्या मान्य सूत्रावरून सुरुवात करतात. शक्य असेल तिथे कानात बारीक नळी घालून पडद्याजवळचा प्रत्यक्ष आवाज मोजायला सांगा. सॉफ्टवेअरने दाखवलेला आवाज आणि तुमच्या कानात पोचलेला आवाज यांत फरक असू शकतो, आणि वेगळ्या कंपनीचं यंत्र घेतलं असेल तर हे मोजमाप जास्तच मोलाचं. दोनच प्रोग्राम ठेवा, एक रोजचा आणि एक गर्दीचा किंवा टेलिकॉइलचा. अडचणीच्या दिवशी पाच प्रोग्रामांतून निवडत बसायची वेळ नसते.

घरी आल्यावर एक सोपी चाचणी करा. घरातल्या कुणाला एक मीटरवर मागे उभं राहायला सांगा आणि नेहमीच्या आवाजात म, ऊ, आ, ई, श, स हे सहा ध्वनी उलटसुलट क्रमाने, मधे कमी-जास्त थांबत म्हणायला सांगा. तुम्ही ऐकू आलेला ध्वनी तसाच म्हणायचा. म आणि ऊ खालच्या पट्टीचे, श त्याहून बराच वरचा आणि स सर्वांत वरचा, त्यामुळे या सहांत बोलण्याची जवळजवळ सगळी पट्टी येते. स नुसता निसटत असेल तर उंच पट्टीचा आवाज कमी पडतो आहे. म निसटत असेल तर मोल्ड सैल आहे का ते आधी पाहा. मग शब्दांच्या जोड्या: साल-शाल, पान-कान-मान, सात-साठ. आकडे मुद्दाम घ्या, कारण वेळ, औषधाची मात्रा आणि फोन नंबर यांत एक आकडा चुकला तरी महागात पडतं. कुठला शब्द कशाऐवजी ऐकू आला ते लिहून ऑडिओलॉजिस्टकडे न्या. "नीट ऐकू येत नाही" या तक्रारीपेक्षा "साठ म्हटलं की सात ऐकू येतं" यावरून त्यांना बरंच जास्त कळतं.

ट्रायलचा काळ मिळत असेल तर पहिली जोडी बाजूला ठेवून सलग काही दिवस दुसरीवरच काढा. पहिल्या दिवशी आवाज पत्र्यासारखा किंवा बोजड वाटेल. मेंदूला नव्या आवाजाची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून लगेच परत करू नका. दुखणं आणि शिट्टी मात्र सवयीने जात नाही. त्यासाठी त्याच आठवड्यात परत जा.

तयार ठेवायची कशी

दुसरी जोडी ओलाव्यापासून जपा. हवाबंद डबी, आत सिलिका जेलची पुडी, सेल बाहेर आणि सेलचं दार उघडं. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की पुडी बदला किंवा तिच्यावर लिहिल्याप्रमाणे सुकवा. यंत्र उन्हात, ओव्हनमध्ये किंवा केस वाळवायच्या मशीनसमोर कधीच सुकवू नका. डबीत सेलचं एक बंद पाकीट, एक सुटी ट्यूब किंवा दोन-तीन डोम, वॅक्स गार्ड, बारीक ब्रश आणि मॉडेल-सीरियल नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. सेलच्या पाकिटावरची तारीख पाहून घ्या. लहान मुलांच्या हाती सेल लागणार नाहीत अशा जागी डबी ठेवा. गिळलेला बटन सेल गंभीर इजा करू शकतो, आणि तसं झाल्याचा नुसता संशय आला तरी ताबडतोब रुग्णालयात जायचं.

महिन्यातून एकदा, ठरवून, अर्धा दिवस दुसरी जोडी घाला. त्यात तीन कामं होतात: यंत्र चालतं हे कळतं, मेंदूला त्या आवाजाची ओळख राहते, आणि मोल्ड अजून बसतो की नाही ते समजतं. वजन बरंच कमी-जास्त झालं की कानाचा आकारही किंचित बदलतो आणि जुना मोल्ड सैल पडतो. मुलांच्या बाबतीत तर कान वाढत असतो, तेव्हा पहिल्या यंत्राचा मोल्ड बदलला की दुसऱ्याचाही बदलायचा.

प्रवासात दोन्ही जोड्या हातातल्या बॅगेत, पण वेगवेगळ्या कप्प्यांत. एक बॅग हरवली तर दोन्ही जायला नकोत, म्हणून सोबत कुणी असेल तर दुसरी जोडी त्यांच्याकडे द्या. त्यांना सेल घालून दाखवा, यंत्र कानात बसवून दाखवा, लाल खूण उजवीकडे हेही सांगा. तुम्ही आजारी पडलात किंवा रुग्णालयात असलात, तर यंत्र तुमच्या कानात घालायचं काम त्यांनाच करावं लागणार आहे.

दरवर्षी ऑडिओग्राम झाला की दोन्ही जोड्यांचं प्रोग्रामिंग एकाच भेटीत करून घ्या. पहिली जोडी पाच-सहा वर्षांची झाली आणि नवी घ्यायची वेळ आली की आजची पहिली दुसरी होते. ती चार्जिंगची असेल तर तिची बॅटरी त्याच वेळी बदलून घ्या, आणि वर्षानुवर्षं डबीत राहिलेली सेलची जोडी अजून पुरत असेल तर तीही टाकू नका.